पायरीवरची बाई

"मागे या. अजून मागे. काका, तुम्हीसुद्धा. पितळेच्या पट्टीच्या मागे उभे राहा. हां, आता बघा."

एवढं बोलायला काही ताकद लागत नाही म्हणा, पण दिवसभर हेच बोलायचं म्हटलं की जीभसुद्धा दमते. गाईडबाईची जीभ दमली होती, पायांचे तर तुकडे पडायचे बाकी होते. संग्रहालयाचा नियमच तसा होता. दालनात खुर्ची एक, आणि ती पहारेकऱ्याची. गाईडने बसायचं नाही. का, ते कुणालाच माहीत नव्हतं. विचारायला गेलं तर साहेब म्हणायचे, "बरं दिसत नाही." उभं राहून राहून तिच्या पोटऱ्यांवर निळ्या शिरा आल्या होत्या, त्या मात्र बऱ्या दिसत असाव्यात.

"जवळून बघाल तर नुसते ठिपके," ती समोरच्या घोळक्याला सांगत होती. "कांजिण्या आलेल्या पोरासारखं अंग झालंय चित्राचं. आणि पट्टीच्या मागून? अख्खं गाव. भिंती पांढऱ्या दिसतात ना? पांढरा रंग नावालासुद्धा नाही त्यात. गुलाबी आणि फिका निळा शेजारी शेजारी ठेवलाय, पांढरं आपण आपल्या डोळ्यांत करून घेतो. चित्रकाराने अर्धं काम केलं आणि अर्धं आपल्या गळ्यात घातलं."

लोक हसले. इथे हसतातच.

मग तिने तळं दाखवलं, गवताच्या गंजी दाखवल्या, शेतात वाकलेली माणसं दाखवली. आणि शेवटी, सगळे थोडे कंटाळलेत असं दिसल्यावर, नेहमीचा हुकमी पत्ता बाहेर काढला. "आता रस्त्यावरचं तिसरं घर बघा. दाराबाहेर दगडी पायरी आहे, तिच्यावर एक बाई. बोटाच्या पेराएवढी. डोकं भिंतीला टेकलेलं. सगळं गाव कामात आणि ही एकटी इथे का बसलीय? वाट बघतेय. तोंड रस्त्याकडे आहे तिचं. कुणीतरी गेलंय, ते येणार आहे. आणि पायाशी तो केशरी ठिपका दिसतो? मांडीवरून घरंगळलेलं फळ. ते उचलायचंही भान नाही तिला."

घोळक्यातल्या बायकांनी 'अगं बाई' केलं. एका पुरुषाने उगाच घसा खाकरला. घोळका पुढच्या दालनात सरकला.

"दुरून डोंगर साजरे," पहारेकरी मामा खुर्चीतून म्हणाले. सगळ्या संग्रहालयाचे ते मामाच होते. "बाई, तुम्ही स्वतःचीच गोष्ट सांगता आणि लोक चित्राला रडतात."

"मामा, खुर्चीत बसून माणसाला फार सुचतं हो."

पण मामा काही खोटं बोलत नव्हते. तिचा नवरा बोटीवर होता. वर्षातून एकदा यायचा, पाहुण्यासारखा राहायचा, भाजीत मीठ जास्त झालंय एवढं सांगून परत पाण्यावर निघून जायचा. सुरुवातीची वर्षं तिने खरंच वाट बघितली. नंतर सोडून दिली. नवऱ्यावर राग वगैरे धरून नाही, वाट बघायलाही वेळ लागतो आणि तिला तो नव्हता. गोष्ट तेवढी चालू राहिली, लोकांना आवडायची म्हणून. आणि खरं सांगायचं तर त्या बाईचा तिला आधार वाटायचा. दिवसभरात आपल्यासारखं कुणीतरी एक डोळ्यांसमोर असावं ना माणसाला! सकाळी दालन उघडलं की ती आधी तिसऱ्या घराकडे बघायची. आहेस का? आहे.

त्या आठवड्यात सगळी चित्रं तपासायला बाहेरून एक मुलगी आली होती. शिकलेली, हसरी, गळ्यात दिवे आणि भिंगं अडकवलेली. चित्रावर ती कसलासा जांभळा उजेड टाकायची आणि तासन्‌तास बघत बसायची. तिला बसायला स्टूल मिळालं होतं.

दुपारी साहेबांनी गाईडबाईला खोलीत बोलावलं. ती मुलगीही तिथेच होती.

"तुमच्या ठिपक्यांच्या गावात एक भानगड निघालीय," साहेब म्हणाले. "ती पायरीवरची बाई मूळची नाही."

"म्हणजे?"

"नंतर कुणीतरी घातलीय," मुलीने समजावलं. "जांभळ्या उजेडात जुना रंग आणि नवा रंग वेगळा दिसतो. सगळं चित्र जुनं आहे. ती पायरी आणि ती बाई, तेवढंच नवं. आणि मावशी, इतकं बेमालूम काम आहे ना, साध्या डोळ्यांना जन्मात कळलं नसतं."

गाईडबाईला मटकन खाली बसावंसं वाटलं. पण खोलीतल्या दोन्ही खुर्च्या भरलेल्या होत्या.

साहेबांनी पुढचं सांगितलं. हे चित्र देणगीत आलं, त्याच वर्षी छत गळलं होतं आणि चित्राचा एक तुकडा कुजला होता. दुरुस्ती खालच्या खोलीत झाली. दुरुस्ती करणारा त्या काळी एकच माणूस होता: तिचे सासरे. देणगीच्या वेळचे कागद म्हणाल तर तेही त्याच छताखाली भिजून गेले.

"तेव्हा तुम्ही घरी जाऊन विचारा," साहेब म्हणाले. "बाई त्यांनी काढली असेल तर पुसावी लागेल. चित्र दुसऱ्याचं, त्यात आपलं माणूस घुसवून चालत नाही. पण आधीपासून होती आणि त्यांनी नुसती डागडुजी केली असेल, तर राहू दे." मग त्यांनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. "आणि हे बघा, वयच झालंय त्यांचं. आठवत नाही म्हणाले तरी चालेल. नक्की माहीत नसेल तर आम्ही हात लावत नाही. उद्या सांगा."

साहेबांनी पळवाट दाखवली होती, हे तिला कळलं. 'आठवत नाही' एवढे दोनच शब्द आणून दिले की बाई पायरीवर राहणार.

संध्याकाळी भाजीची पिशवी घेऊन ती जिना चढली. घर सगळ्यात वरच्या मजल्यावर. शेवटच्या पायरीवर पोचली की ती तिथेच बसायची, दारासमोर, डोकं भिंतीला टेकवून. लग्न झाल्यापासूनची सवय. आधी दोन मिनिटं बसायची, हल्ली जरा जास्त. मग उठून घंटी वाजवायची.

घंटीला बोट लागायचा अवकाश, दार उघडायचं. हा तिचा सासऱ्यांवरचा जुना राग होता. म्हातारा दाराआड टपूनच बसलेला असतो, असं तिचं मत. सासू अंथरुणाला खिळलेली होती तेव्हाही तेच. इकडे दार उघडलं की तिकडे "आली बघ" अशी हाक, की लगेच सासूचं अंग पुसा, पोरीला भरवा, कणीक मळा. आता सासू गेली, पोर शिकायला दुसऱ्या गावी गेली, पण दार मात्र तसंच झटकन उघडायचं. कधी हात धुवायला तरी उसंत द्यावी माणसाने!

आजही तसंच झालं. सासरे दारात उभे होते. उंच माणूस, आता काठीवर वाकलेला, डोळ्यांत पांढरं साचलेलं. बोलणं आधीपासूनच मोजकं. चहा पुचाट झालाय, दिवा चालू राहिलाय, नळ गळतोय, हा त्यांचा दिवसभराचा संवाद.

तिने भात टाकला, भाजी निवडली. त्यांना वाढलं. ताटावर कुठे काय आहे ते नेहमीप्रमाणे सांगितलं आणि मग समोर बसून विचारलंच.

"बाबा, ते ठिपक्यांचं गाव आठवतं? छत गळलं तेव्हा तुम्ही दुरुस्त केलेलं?"

"न आठवायला काय झालं? डोळे गेलेत, डोकं नाही."

"त्यात पायरीवर एक बाई आहे."

ते जेवायचे थांबले.

"ती तुमची की आधीची?"

"माझी," ते म्हणाले. अगदी चहा पुचाट झाल्याचं सांगावं तसं.

एवढ्या सहज कुणी कबूल करतं? निदान आठवल्यासारखं तरी करायचं!

"का काढलीत पण? तुमचा तर नियम होता ना, आपलं काही घालायचं नाही म्हणून?"

"होता." त्यांनी हात ताटातच ठेवला. "तिथे भोक पडलं होतं. आधी काय होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं. अशा वेळी नुसता आसपासचा रंग जुळवायचा आणि जागा मोकळी ठेवायची. आणि रंग भरायचा तोही बारीक ठिपके देऊन. म्हणजे लांबून दिसत नाही, पण जवळ जाऊन बघणाऱ्याला कळतं, की ही दुरुस्ती आहे. लबाडी नको म्हणून ती पद्धत. आता त्या चित्रात सगळेच ठिपके! माझे कुठले आणि त्याचे कुठले, कोण ओळखणार? आमची पद्धत आमच्याच अंगाशी आली." ते हसले. ते हसतात हे ती जवळपास विसरली होती. "पायरी भरत होतो. मोकळीच ठेवणार होतो. रोज दोन-चार ठिपके. एक दिवस बघतो तर बाई बसलेली."

"बघतो तर म्हणे! आपोआप बसली का ती?"

"रोज जे बघत होतो ते हातातून उतरलं, त्याला मी काय करू?"

ती म्हणाली, "मी लोकांना सांगते, ती वाट बघतेय म्हणून."

"कुणाची?"

"नवऱ्याची. कुणाची तरी."

"काहीतरीच." म्हाताऱ्याने नाक मुरडलं. "दमलीय ती. वाट कसली बघते? आणि पायाशी काय आहे म्हणून सांगतेस?"

"फळ. घरंगळलेलं."

"चप्पल आहे," ते म्हणाले. "तेव्हा तुझ्या केशरी पट्ट्यांच्या चपला होत्या. जिना चढून आलीस की बसायचीस आणि एक काढायचीस. दुसरी काढायचं त्राण नसायचं. तशीच बसून राहायचीस, एक पाय उघडा, एक चपलेत."

ती उठली आणि गळणारा नळ आवळून आली.

केशरी चपला. मेल्या चावायच्या. दुसऱ्या घ्यायला सवड झाली नव्हती, म्हणून झिजेपर्यंत वापरल्या होत्या. तिला एकदम सगळं आठवलं.

"तुम्हाला कसं दिसलं?" तिने विचारलं. "दार तर बंद असायचं."

"दाराला भिंग आहे की बाहेर बघायचं. तुझी पावलं वाजली जिन्यात की मी उठायचो. बघायचो. भिंगातून लांबची दिसायचीस, एवढीशी." त्यांनी बोटाचं पेर दाखवलं. "आत तुझी सासू हाका मारायची, आली का, आली का म्हणून. पोर भोकाड पसरायची. मी म्हणायचो, थांबा गं, येतेय ती, येतेय."

"आणि दार नाही उघडायचात?"

"उघडलं असतं तर तू उठली नसतीस? लगेच पदर खोचून कामाला लागली असतीस. बसू दे म्हटलं तेवढी. तू घंटीला हात लावलास की मगच उघडायचो."

आता इथे कुणाच्याही डोळ्यांना पाणी आलं असतं. तिला आला तो संताप. इतकी वर्षं! टपून बसतो म्हणून ती ह्या माणसाला मनातल्या मनात शिव्या घालत होती आणि हा आतून दार धरून उभा होता. सगळ्या घराला दाराआड थोपवून धरत होता. आणि बोलला मात्र काय, तर चहा पुचाट झालाय!

"एकदा तोंडाने म्हणाला असतात तर काय बिघडलं असतं?" तिचा आवाज चढला. "एकदा! दमलीस का, एवढंच! मला वाटायचं ह्या घरात मी मेले तरी भाजी कोण आणणार एवढंच विचारतील सगळे. कितीदा रडलेय मी त्या पायरीवर, ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे," ते म्हणाले. "बघायचो ना."

मग तिला रडू आलं. भात निवून गेला. म्हाताऱ्याने आपलं ताट चाचपून उचललं आणि भिंतीला हात लावत लावत स्वतः मोरीत नेऊन ठेवलं. वाटेत पाण्याचा तांब्या लवंडला, ती गोष्ट वेगळी.

झोपायच्या आधी तिने साहेबांची पळवाट त्यांच्या कानावर घातली. "आठवत नाही म्हणालात तरी चालेल म्हणाले. मग ती राहील तिथे."

"आणि मला आठवतंय त्याचं काय?" सासरे म्हणाले. "जन्मभर दुसऱ्यांची चित्रं सांभाळली. त्यात लबाडी झाली ती एवढी एकच. मेल्यावर ती माझ्या मागे तिथे राहायला नको. पुसू दे. पुसता यावेत असेच रंग वापरलेत मी, तेवढा नियम पाळलाय. पण सांगणार तू आहेस. मी काही तिथे येत नाही. तुला ठेवावीशी वाटली तर ठेव, मी काही म्हणणार नाही."

झालं! नियम ह्यांचा, लबाडी ह्यांची, आणि पुसायची की ठेवायची ते ठरवायचं हिने.

सकाळी दालन उघडल्यावर ती पट्टीच्या मागे थांबली नाही. मामांनी "ओ बाई, ओ!" केलं तरी थेट चित्राजवळ गेली. जवळून बाई नव्हतीच. थोडे जांभळे ठिपके, थोडे मातकट, एक केशरी. हे एवढे ठिपके तिच्या एकेका संध्याकाळचे होते. आदल्या दिवशी ती दमून बसली, की दुसऱ्या दिवशी खालच्या खोलीत दोन-चार ठिपके. कुणीतरी बघितलं होतं. घरात त्याचा दुसरा पुरावा कुठेच नव्हता, होता तो एवढाच, आणि 'आठवत नाही' म्हटलं तर राहणार होता. तिला तो हवा होता. लहान मुलासारखा हवा होता.

ती माघारी आली, पट्टीच्या मागे, जिथून आजवर हजारो लोकांना दाखवलं होतं तिथे. आणि तिथून बाई पुन्हा बाई झाली. एक पाय उघडा, एक चपलेत. किती दमली होती बिचारी. इतक्या वर्षांत कुणी तिला उठ म्हणालं नव्हतं. हिनेच बसवून ठेवली होती, वाट बघ म्हणून, घोळक्यामागून घोळका आला तरी. आता खोटं बोलून अजून बसवून ठेवायचं? कुणासाठी?

"मामा," ती म्हणाली, "साहेब आले का?"

साहेबांना तिने सांगितलं: सासऱ्यांनीच काढलीय, त्यांना स्वच्छ आठवतं, पुसा म्हणालेत. साहेब हळहळले. "लोकांना चुकचुकल्यासारखं होईल हो." तपासणीवाल्या मुलीने विचारलं, "कोण होती ती, काही बोलले का?"

"होती म्हणे कुणीतरी ओळखीची," गाईडबाई म्हणाली. "एक करा. दुपारपर्यंत राहू द्या. सकाळचा एक घोळका आहे माझा."

सकाळच्या घोळक्याला तिने तळं दाखवलं, गंजी दाखवल्या, कांजिण्यांचा विनोद केला. मग म्हणाली, "तिसऱ्या घराच्या पायरीवर एक बाई बसलीय."

"वाट बघतेय का कुणाची?" पुढे उभ्या असलेल्या एका मुलीने विचारलं.

"नाही हो. कुणाची नाही. दमलीय. कामावरून आलीय आणि आत काम वाढून ठेवलंय. म्हणून दोन मिनिटं बाहेरच बसलीय. एक चप्पल काढलीय, ती बघा केशरी. दुसरी काढायचं त्राण नाही."

'अगं बाई' कुणी केलं नाही. मागे एक पोक्त बाई खांद्यावरची जड पिशवी सावरत उभी होती. तिने पिशवी खाली ठेवली. एवढंच. पण गाईडबाईला पुढचं वाक्यच येईना. तोंडपाठ वाक्य, येईचना! मामांनी तिच्याकडे बघितलं, आणि ते खुर्चीवरून उठले.

"बसा," ते म्हणाले.

"साहेब बघतील."

"बघू देत."

ती बसली. घोळक्याने आपापलं गाव बघून घेतलं.

दुपारी खालच्या खोलीत मुलीने काडीला कापूस गुंडाळला, कसल्याशा द्रावात भिजवला आणि पायरीवर हलकेच फिरवला. केशरी ठिपका आधी गेला. मग पाय, मग टेकलेलं डोकं. फार वेळ लागला नाही. पुसता यावेत असेच रंग होते. कापसाला मातकट डाग तेवढा उरला.

"मावशी, वाईट वाटतंय?" मुलीने विचारलं.

"वाटतंय तर," ती म्हणाली. "पण उठली एकदाची."

संध्याकाळी ती भाजीची पिशवी घेऊन जिना चढली. शेवटच्या पायरीवर बसली, डोकं भिंतीला टेकलं, एक चप्पल काढली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने दाराकडे नीट बघितलं. भिंगाच्या काचेतून आतला उजेड बारीक ठिपक्याएवढा दिसत होता. मग आतून काठीचा आवाज आला, दाराशी थांबला, आणि तो ठिपका विझला.

म्हाताऱ्याला आता त्या भिंगातून काय दिसणार होतं, कपाळ! तरी तो तिथे उभा होता.

दार उघडलं नाही. तिनेही उठायची घाई केली नाही. पिशवी बाजूला सरकवली, पाय लांब केले आणि दुसरी चप्पलही काढून ठेवली.